पाणी नसलेलं तळं

"तळ्यात पाणी नाही म्हणतीस, मग बघायला काय जायलीस?"

लातूरहून आईचा प्रश्न आला. लॉस एंजलिसमधून गाडी काढून मी तीन दिवस एकटीच फिरणार, यावरचं 'एकटीच?' आधीच होऊन गेलं होतं. ते तिने कसंबसं गिळलं. पण आटलेलं तळं बघायला सुट्टी, पेट्रोल आणि मोटेलचं भाडं घालवायचं, हे काही तिच्या गळी उतरेना.

तिचं चूक नाही. आमचं लातूर देशभरच्या बातम्यांत ठळकपणे आलं ते दोनदा: 1993 साली भूकंपामुळे आणि 2016 साली पाण्याच्या गाडीमुळे. मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आमच्याकडे तळ्याचा तळ दिसला की लोक फोटो काढत नाहीत, घागरी काढतात.

फेब्रुवारीत निघाले. सोबत पाण्याचे दोन मोठे कॅन, भडंगाचा डबा आणि थर्मासात चहा. मोहावीचं वाळवंट मागे टाकून 395 नंबरच्या रस्त्याला लागलं की डावीकडे सिएरा नेवाडाचे बर्फाळ डोंगर येतात आणि उजवीकडे काहीच येत नाही. बराच वेळ येत नाही. मग त्या 'काहीच'मध्ये एक पांढुरका, मैलोन्‌मैल पसरलेला पट्टा दिसतो. ते ओवेन्स तळं.

या तळ्यावर एके काळी आगबोट चालायची, पलीकडच्या डोंगरातल्या खाणीच्या चांदी-शिशाच्या विटा वाहायची. मग 1913 साली लॉस एंजलिसने इथल्या नदीचं पाणी कालव्याने शहरात नेलं. 375 किलोमीटर, एकही पंप न लावता, नुसत्या उतारावर. उद्‌घाटनाला मुख्य अभियंता विल्यम मलहॉलंड याने जे भाषण केलं त्याचं मराठी एवढंच होईल: "हे आलं. घ्या." शहराने घेतलं, आणि दहा-पंधरा वर्षांत तळं आटलं. तळाची खारी माती वाऱ्यावर उडायला लागली, इतकी की धुळीचं एवढं मोठं एकटं ठिकाण अख्ख्या अमेरिकेत दुसरं नव्हतं. आता तीच नगरपालिका कायद्याच्या बडग्याने तळावर नळ्या टाकून पाणी सोडते, खडी पसरते, गवत लावते. दोन अब्ज डॉलरच्या वर खर्च झालाय. आधी तळं पिऊन टाकायचं आणि मग त्याच्यावर सडा घालत बसायचं!

हे मी ज्या बाटलीतून घोट घेत वाचत होते, ती घरच्या नळावर भरलेली होती. म्हणजे हे पाणी इथूनच तिकडे गेलेलं असण्याची बरीच शक्यता. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. प्यालेल्या पाण्याला कसं जागायचं, ते कुणी शिकवलेलं नाही. मी बाटलीचं झाकण लावलं आणि, का कोण जाणे, आवाज न करता गाडीत बसले.

तळाच्या मधोमध थोडं खारं पाणी उरलंय. ते गुलाबी दिसत होतं. मला लगेच लोणार आठवलं. 2020 च्या जूनमध्ये तेही असंच गुलाबी झालं होतं, आणि दोन्हीकडे करणी एकाच जातीच्या मीठखाऊ सूक्ष्मजीवांची. लोणारलाही पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. शाळेच्या सहलीत बाईंनी हे सांगितलं होतं, पण तेव्हा आमचं सगळं लक्ष डब्यांकडे होतं.

इथे तर सगळा मुलूखच तसा. बाजरीची भाकरी थापताना जोर जास्त झाला की कडेला चिरा पडतात ना, तशी इथली जमीन ताणून चिरलेली आहे. काही तुकडे वर उचलले गेले, काही खाली बसले. म्हणून डोंगर, खोरं, पुन्हा डोंगर, पुन्हा खोरं. पडलेलं पाणी खोऱ्यात उतरतं आणि समुद्राला न भेटता तिथेच वाळून जातं; मीठ तेवढं मागे राहतं. हिमयुगात मात्र ओवेन्स भरलं की ओसंडून चायना लेकमध्ये, तिथून सर्ल्समध्ये, मग पॅनमिंटमध्ये, आणि सगळ्यांत शेवटी डेथ व्हॅलीत. रांगेत एकाखाली एक ठेवलेली भांडी. मी त्यातलं पहिलं, चौथं आणि शेवटचं बघत चालले होते.

पॅनमिंटच्या उतरणीवर खालचा रस्ता काढणीच्या दोरीसारखा सरळ दिसतो आणि पलीकडचा डोंगर अगदी हाताशी. पाच मिनिटांत पोचू, मग चहा पिऊ, म्हटलं. वीस मिनिटं झाली तरी डोंगर तिथेच. मध्ये झाड नाही, घर नाही, विजेचा खांब नाही; डोळ्याने अंतर मोजायचं कशावरून? एकटीच होते म्हणून बरं. शेजारी कुणी असतं तर त्याने गूगल काढून मला खोटं पाडलं असतं.

दुसऱ्या दिवशी डेथ व्हॅलीच्या तळाशी असलेलं बॅडवॉटर. समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली. मागच्या कड्यावर, मान पार मागे टाकल्यावर दिसेल इतक्या उंचावर, 'समुद्रसपाटी' लिहिलेली पाटी लावलीय. म्हणतात की इथल्या डबक्याला एका मोजणीदाराच्या खेचराने तोंड लावलं नाही, म्हणून हे नाव पडलं.

वाट संपली की पुढे नुसतं मीठ. त्याचे पाच-सहा कोनांचे तुकडे, कडा वर उचललेल्या. पहिलं पाऊल टाकलं, कर्रर्र आवाज आला आणि मी दचकून मागेच झाले. गच्चीवर कुणाच्या तरी वाळवणावर पाय पडल्यासारखं वाटलं. लहानपणी कुरडयांवरून चालत गेल्याबद्दल खाल्लेला धपाटा पाठीत अजून शिल्लक असावा. मग बराच वेळ मी कडा चुकवत, मधल्या सपाटीवरून चालले. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी.

परत येताना एक गृहस्थ वैतागून विचारत होते, तळं कुठेय? फोटोत तर लोक होडी वल्हवताना दिसतात! ते फोटो 2024 च्या सुरुवातीचे. त्याच्या आधीच्या ऑगस्टमध्ये हिलरी वादळाने एका दिवसात सव्वादोन इंच पाऊस पाडला. इथे वर्षाला पडतो जेमतेम दोन इंच. हिमयुगातलं तळं काही महिने पुन्हा उभं राहिलं आणि पुन्हा आटलं. मी सांगितलं. त्यांना फसवल्यासारखं वाटत होतं. पाणी नाही म्हणून इतकं रुसलेला माणूस मी लातूर सोडल्यापासून पाहिला नव्हता.

फोनला रेंज आली तेव्हा आईचे चार मिस्ड कॉल. तिकडे सकाळ झाली होती.

"होतं का पाणी?"

"टाचेएवढं. मीठ मात्र मैलोन्‌मैल."

"आणायचंस की पिशवीभर."

"आणू देत नाहीत गं. सरकारी जागा आहे."

"मग काय बघितलंस तीन दिवस?"

मी सांगायला सुरुवात केली. डोंगर, खोरं, पुन्हा डोंगर. तिकडून बादली सरकवल्याचा आवाज आला.

"थांब, थांब. नळ आलाय. ठेव आता."

आणि फोन ठेवला.