गुरेसो, हागागि आणि म्हणून

खानापूरला आमच्या घरात मराठी, शेजारी कन्नड आणि बाजारात दोन्ही. त्यामुळे नवी भाषा म्हणजे शब्दांची अदलाबदल, असा माझा समज होता. कोरियन शिकायला घेतली तेव्हाही मी वहीत उभयान्वयी अव्ययांचा तक्ताच केला: गुरिगो म्हणजे 'आणि', हाजिमान म्हणजे 'पण', गुरेसो म्हणजे 'म्हणून', गुरोम्योन म्हणजे 'तर'. तक्ता चुकीचा नव्हता, पण त्यावर विसंबून लिहिलेले माझे परिच्छेद पहिलीतल्या मुलाच्या निबंधासारखे दिसत, कारण प्रत्येक वाक्य संपवून पुढचे मी अव्ययानेच सुरू करीत असे.

कोरियन माणूस बोलताना पुष्कळदा वाक्य संपवतच नाही. क्रियापदाला प्रत्यय जोडून तो पुढे सरकतो. 'गो' जोडला की 'आणि', 'जिमान' जोडला की 'पण', 'म्योन' जोडला की 'तर'. हेच प्रत्यय वरच्या अव्ययांच्या शेवटी बसलेले आहेत आणि त्यांच्या आधी बहुधा 'तसे असणे' किंवा 'तसे करणे' या अर्थाचे क्रियापद आहे (हाजिमानमध्ये मात्र नुसते 'करणे'). गुरोम्योन म्हणजे 'तसे असेल तर'. शेजारच्या अक्का दिवसातून दहादा म्हणतात ते 'हागादरे' नेमके याच घडणीचे, आणि त्यांचे 'हागागि' म्हणजे माझे गुरेसो. आयुष्यभर कानावर पडलेली गोष्ट मी तक्त्यात घोकत होतो!

खरी फजिती कारण सांगताना झाली. 'बिगा वासो' म्हणजे पाऊस आल्याने. त्याच्यापुढे मी 'छत्री घेऊन जा' असे लिहिले आणि शिक्षिकेने ते खोडले. 'वासो'मधल्या 'आसो/ओसो' या कारण सांगणाऱ्या प्रत्ययानंतर आज्ञा किंवा 'चला, करूया' असा प्रस्ताव चालत नाही. तिथे 'निक्का' लागतो, म्हणजे 'बिगा ओनिक्का'. गुरेसो आणि गुरोनिक्का यांच्यातही हाच भेद आहे. शिवाय 'आसो'च्या आधी भूतकाळाचा प्रत्यय येत नाही, 'निक्का'च्या आधी येतो. मराठीतले 'म्हणून' दोन्हीकडे चालते, त्यामुळे आपण इथे हमखास घसरतो. पण 'पावसामुळे छत्री घे' हे आपल्यालाही खटकतेच. मी आता 'आसो'ला 'मुळे' आणि 'निक्का'ला 'म्हणून' समजतो. नियम ढोबळ आहे, पण उपयोगी पडतो.

'आसो'चा दुसरा उपयोग आपल्या 'ऊन'सारखा आहे. 'बेळगावला जाऊन मित्राला भेटलो' म्हटले की भेट बेळगावातच झाली. तिथे 'गासो' हवे. 'गागो' म्हटले तर बेळगावला जाणे वेगळे आणि मित्राची भेट वेगळी, ती कुठेही झालेली असू शकते.

राहिला 'न्दे', आणि तो मला अजून पुरता वश झालेला नाही. गुरोन्दे कधी 'पण' असतो, कधी नुसताच विषय बदलतो. वाक्याच्या शेवटी आलेला 'न्दे' तर पुढचे न बोलताच ऐकणाऱ्यावर सोपवतो. आमचा किराणावाला 'सुट्टे नाहीत, पण…' असे म्हणून माझ्याकडे बघत राहतो, तो तिथे मराठीत 'न्दे'च वापरत असतो.