साध्या परमिट रूममधली उत्तम बिअर

परळ स्थानकातून बाहेर पडून जुन्या चाळींच्या दिशेने चालत गेले, की एका गल्लीच्या तोंडाशी हा बार लागतो. सनमायका लावलेली टेबले, भिंतीवर फिरणारे पंखे, लॅमिनेशन केलेले मेनू कार्ड आणि गल्ल्याच्या मागे बाटल्यांची रांग, असे त्याचे रूप मुंबईतल्या कोणत्याही परमिट रूमसारखेच आहे. वेगळ्या आहेत त्या दोनच गोष्टी: काउंटरवर बसवलेले बिअरचे टॅप आणि त्यांच्या शेजारी टांगलेला काळा फळा. या फळ्यावर बिअरचे नाव आणि अल्कोहोलचे प्रमाण तर असतेच, पण त्याखाली केग (बिअरचे स्टीलचे पिंप) कोणत्या तारखेला उघडला हेही खडूने लिहिलेले असते. मुंबईत मी बऱ्याच ठिकाणी क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या प्रमाणावर निगुतीने बनवलेली बिअर, प्यायले आहे, मात्र गिऱ्हाईकाला ही तारीख आपणहून सांगणारी जागा मला दुसरी आढळलेली नाही.

क्राफ्ट बिअर म्हटले की आपल्याकडे उंच छत, उघड्या विटांच्या भिंती आणि मोठे बिल हे समीकरण ठरून गेले आहे. त्याला कारणही आहे. पुण्यात २००९ साली डुलालीने मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअर बनवण्याचा छोटा कारखाना, सुरू केली आणि पुढे काही वर्षांनी लोअर परळमध्ये बार्किंग डिअर हा पब उभा राहिला, तेव्हा बिअर जिथे बनायची तिथेच विकली जायची. तांब्या-स्टीलच्या टाक्या मावतील एवढी जागा ज्याला परवडेल, त्यानेच या धंद्यात उतरावे अशी ती स्थिती होती. २०१४ च्या सुमारास डोंबिवलीत सुरू झालेल्या गेटवे ब्रुइंग कंपनीने केग भरून शहरातल्या बारना बिअर पुरवायला सुरुवात केली आणि ही अट सैल झाली. ज्याच्याकडे चालू स्थितीतला शीतकक्ष, स्वच्छ नळ्या आणि थोडी जिद्द आहे, अशा छोट्या बारवाल्यालाही आता चांगली बिअर ठेवता येते. प्रत्यक्षात फार थोडे जण ती ठेवतात, आणि म्हणूनच मला या जागेविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

आम्ही दोघी मैत्रिणी गेल्या शुक्रवारी संध्याकाळी तिथे गेलो. बायका दिसल्या की पुष्कळ परमिट रूममध्ये वरच्या मजल्यावरच्या एसी फॅमिली सेक्शनकडे बोट दाखवले जाते. इथे तसे झाले नाही. काउंटरजवळचे टेबल पुसून आम्हाला दिले गेले आणि शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकांनीही मान वर करून पाहिले नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठीही मी ती जागा पुन्हा निवडेन.

गल्ल्यावर बसणाऱ्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. मी आयपीए ही कडवट चवीची बिअर मागवली, तर ते स्वतः उठून टेबलापाशी आले. "ताई, आज ही नको. केग तळाला आला आहे, वास उतरला आहे. उद्या नवा लावतो. आज विटबिअर घ्या, ती कालच उघडली आहे." आयपीएची सारी खुमारी हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांच्या वासात असते आणि तो वास सगळ्यात आधी उडून जातो, त्यामुळे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. आपलाच माल गिऱ्हाइकाला नाकारणारा दुकानदार भेटला, की त्याच्या बाकीच्या मालावरचाही विश्वास वाढतो.

विटबिअर ही बेल्जियमची परंपरा. मोड न आणलेला गहू, जवाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), धने आणि संत्र्याची साल घालून ती बनवतात, आणि धने आपल्या ओळखीचे असल्याने पहिल्याच घोटात जिभेला ते जाणवतात. मैत्रिणीने जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर घेतली. तिच्यात केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, त्यामुळे त्यात इसेन्स घातला असावा असा पुष्कळांचा समज होतो. तो वास यीस्ट आंबवताना स्वतः तयार करते. त्यात ना केळे असते, ना लवंग.

बिअर भरणाऱ्या पोऱ्याचे काम मी लक्ष देऊन पाहिले. त्याने ग्लास थंड पाण्याने विसळला, टॅप उघडून पहिली धार खालच्या जाळीत सोडली, मग ग्लास तिरका धरून भरत आणला आणि शेवटी सरळ करून वर दोन बोटे फेस ठेवला. आपल्याकडे फेस म्हणजे मापात मारलेली काट असे मानून भांडणारे लोक असतात. खरे तर बिअरचा वास नाकापर्यंत पोहोचतो तो या फेसातूनच. ग्लासला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला असेल, तर फेस लगेच बसतो आणि काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहतात. आमच्या ग्लासांवर तसे काही नव्हते; प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचे एक एक कडे उरत गेले, आणि स्वच्छ ग्लासाची हीच खूण आहे. नळ्या दर पंधरवड्याला कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुतो, असे अण्णांनी विचारल्यावर सांगितले. हे काम जिथे टाळले जाते, तिथल्या बिअरला आंबूस किंवा लोण्यासारखा वास येऊ लागतो. एका झगमगीत पबमध्ये मी तसली बिअर परत पाठवली आहे, आणि तिथल्या वेटरने "क्राफ्ट बिअर अशीच लागते" असे मला समजावले होते.

इथे ग्लास बर्फात घालून देत नाहीत, हे मला विशेष आवडले. मुंबईच्या उकाड्यात "एकदम चिल्ड" मागण्याची सवय समजण्यासारखी आहे, पण अतिथंड बिअरने जीभ बधिर होते आणि चवीतला फरक कळेनासा होतो. भाजलेल्या जवामुळे कॉफी आणि कडू चॉकलेटची चव येणारी स्टाउट ही काळी बिअर तर दहा-बारा अंशांवर प्यावी. माझी स्टाउट मी काही वेळ टेबलावर तशीच ठेवली आणि तिचा वास हळूहळू खुलत गेला.

खाण्याच्या बाबतीत हा बार पूर्णपणे परमिट रूमच आहे. उकडलेले शेंगदाणे, कांदा-लिंबू घातलेली चणाडाळ, मसाला पापड आणि रवा लावून तळलेले बोंबील. बोंबलाचे तेल विटबिअरच्या बुडबुड्यांनी सहज कापले जाते, आणि स्टाउटबरोबर आम्ही घेतलेली कलेजी छान जमली. तिखट पदार्थाबरोबर मात्र आयपीए टाळावी, कारण तिचा कडवटपणा मिरचीची आग वाढवतो.

दर लोअर परळमधल्या पबांपेक्षा कमी आहेत, तरी साध्या बाटलीबंद बिअरपेक्षा जास्त आहेत, आणि ते मला रास्त वाटतात. शनिवारी इथे उभे राहायलाही जागा नसते, म्हणून जायचे असेल तर आठवड्याच्या मधला दिवस निवडा. आत गेल्यावर मेनू कार्ड उघडण्याआधी फळ्यावरच्या तारखा वाचा, आणि शंका असेल तर अण्णांना विचारा. ते टॅपमधून चवीपुरती बिअर काढून देतात.