तांब्या, सीताफळं आणि पूर्वेची खिडकी

सध्या माझ्या कॅमेऱ्यासमोर दोनच गोष्टी असतात, आजीचा पितळी तांब्या आणि मंडईतून आणलेली सासवडची सीताफळं. फोटोग्राफी शिकायला घेतली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की सिंहगडावर जा, पेठांतून फिर, गणपतीचे फोटो काढ. पण बाहेर उजेड आपल्या हातात नसतो आणि माणसं थांबत नाहीत. टेबलावर एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं आणि काय फरक पडला ते निवांत बघायचं, असं करता येतं. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातले फ्रेंच संशोधक लुई दागेर यांनी १८३७ मध्ये प्लास्टरच्या मूर्ती मांडून फोटो घेतला तेव्हा त्यांची अडचण वेगळी होती. एका चित्राला कित्येक मिनिटं उजेड द्यावा लागायचा आणि मूर्ती तेवढा वेळ हलत नाहीत. माझ्यासारख्या नवशिक्याला तोच फायदा आजही मिळतो.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. सकाळचं थेट ऊन ओट्यावरून उतरलं की मी टेबल खिडकीला आडवं लावते, म्हणजे उजेड डावीकडून येतो. जुना कॅनन, ५० मिमीची लेन्स, ट्रायपॉड. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १००, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ/८, शटर पाव सेकंदाच्या आसपास आणि बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. एफ/१.८ वर, म्हणजे भोक बरंच मोठं उघडल्यावर, मागचं सगळं छान धूसर होतं खरं, पण मग सीताफळाचे पुढचे दोन डोळे स्पष्ट येतात आणि तांब्या हरवतो.

उजेड समजून घ्यायला सीताफळासारखं दुसरं फळ नाही. खिडकीकडे पाठ करून, म्हणजे उजेड समोरून पडेल असं काढलं तर ते नुसता हिरवट गोळा दिसतं. तेच उजेड बाजूने आला की प्रत्येक डोळ्याला एक उजळ कड, एक सावलीची कड मिळते आणि खाचांमधली पांढरट भुकटीसुद्धा दिसते. टेबल खिडकीच्या अगदी जवळ नेलं की दोन गोष्टी एकदम होतात: सावलीच्या कडा मऊ होतात आणि मागची भिंत काळोखात जाते. लहानशा दिव्यापासून अंतर दुप्पट केलं तर उजेड चौथाई उरतो. खिडकी मोठी असल्यामुळे हा हिशेब इतका काटेकोर बसत नाही, पण कल तोच. त्यामुळे काळा पडदा विकत आणण्याआधी टेबल सरकवून बघावं, असं माझं ठाम मत आहे.

तांब्याचं सगळंच वेगळं. पितळ आरशासारखं वागतं. त्याच्या पोटात खिडकी दिसते, खिडकीचे गज दिसतात, माझा लाल कुर्ता दिसतो. म्हणून तांब्यावर उजेड टाकण्यापेक्षा तांब्याला काय दिसतंय ते ठरवावं लागतं. मी गजांवर ट्रेसिंग पेपर चिकटवला, तशी ती पट्ट्यापट्ट्यांची चमक एका सलग, हळूहळू मावळणाऱ्या पट्ट्यात बदलली. मग उजवीकडे थर्माकोलचा तुकडा उभा केला. सावली उजळली, पण तांब्याची ती कड मागच्या भिंतीत मिसळली आणि गोलाई गेली. थर्माकोल काढून त्याच जागी काळं कार्डशीट ठेवलं आणि पितळावर एक गडद रेघ उतरली, तांब्याचा घाट नेमका कापून काढावा तशी. उजेड वाढवणं सगळे शिकवतात, मला मात्र कमी करण्यातच जास्त सापडतंय.

आईचं म्हणणं, “अगं, निदान चिंच लावून घास तरी तो तांब्या, लोक काय म्हणतील!” घासून पाहिला. चकाकी इतकी आली की एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, दोन तृतीयांश स्टॉप खाली आणूनही (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) पोटावरचा ठिपका पांढराफटकच राहिला. थोडा काळवंडलेला तांब्या फोटोत जास्त देखणा दिसतो. आईला हे अजून पटलेलं नाही.

मांडणीत मला शाळेतली चित्रकलेची इंटरमिजिएटची परीक्षा उपयोगी पडतेय. स्थिरचित्राच्या तयारीत सरांनी घोकून घेतलं होतं की भांडं नजरेखाली असेल तर तळाची कड तोंडापेक्षा जास्त गोल काढायची. कॅमेरा तांब्याच्या तोंडाच्या पातळीवर आणला की तांब्याचं तोंड सरळ रेघ होतं आणि तो पत्र्याचा कापलेला आकार वाटतो. थोडा वर घेतला की तोंड उघडतं, खोली जाणवते. फार वर गेलं की टेबलाची मागची कड फ्रेममधून निघून जाते, आणि मधल्या एका उंचीवर हीच कड नेमकी तांब्याच्या मानेतून जाते. ती जागा टाळायची.

तृतीयांशाचा नियम, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग करून मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेवणं, स्क्रीनवरच्या जाळीमुळे पाळता येतो. त्याहून जास्त लक्ष द्यावं लागतं ते दोन आकारांच्या मधल्या फटीकडे. सीताफळ तांब्याला नुसतं टेकलेलं असलं की नजर तिथेच अडकते. एक तर ते स्पष्टपणे तांब्यापुढे यावं, नाहीतर मध्ये बोटभर मोकळी जागा असावी.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. नरसाळ्याच्या आतल्या बाजूने उजेड परतून मिरचीला सगळीकडून वळसा घालतो. ते चित्र पाहिल्यावर मी सीताफळामागे स्टीलची परात तिरकी टेकवली. मागच्या डोळ्यांवर मंद उजळ कड आली, थर्माकोलने कधी मिळाली नसती अशी.

या आठवड्यातली सीताफळं आता पिकून डोळे उकलायला लागली आहेत, त्यामुळे उद्या ती खाऊन टाकायची. पुढे काचेचा पेला घेणार आहे. काचेला उजेड मागून द्यायचा आणि दोन्ही बाजूंना काळं कार्डशीट ठेवून कडा गडद करायच्या, एवढं वाचून ठेवलंय.