नवऱ्याला कळतं का?

आज बी.फार्मच्या वर्गात बाईला एचआयव्ही होण्याचा धोका कमी करणारी डॅपिविरीन रिंग शिकवली. सिलिकॉनची मऊ कडी, तान्ह्या बाळाच्या बांगडीसारखी; बाईने स्वतःच योनीत बसवायची, महिनाभर त्यातून औषध झिरपत राहतं. मागच्या बाकांवर खुसखुस पिकली. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "मॅडम, नवऱ्याला कळतं का?" वर्ग चिडीचूप. सहसा नाही, म्हटलं. कंडोमला त्याची मर्जी लागते, हिला लागत नाही. २०१६ साली आफ्रिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एचआयव्हीचा धोका साधारण ३० टक्क्यांनीच घटला होता. तेही लपवलं नाही. शिवाय दिवस राहणं ही रिंग थांबवत नाही. त्यासाठी लेव्होनॉरजेस्ट्रेल हे गर्भनिरोधक औषधही घातलेल्या रिंगवर काम चालू आहे. पोरांची चिंता वेगळीच: "मॅडम, हे परीक्षेला येणार का?"