720 बाय 576 चा ताप : माझा अनुभव

घरातल्या जुन्या मिनी-डीव्ही टेपांच्या फाइली करून घ्यायच्या आणि त्यातून एक नीट व्हिडिओ बनवायचा, काम एवढंच होतं. टेपा एका स्टुडिओला दिल्या, फाइली आल्या, एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकल्या. इथवर काही अडलं नाही. अडलं ते माणसांच्या चेहऱ्यांवर. काही क्लिपांमध्ये सगळे महिनाभर उपास काढल्यासारखे उभट, हडकुळे. काहींमध्ये जेमतेम जाणवेल इतकेच बारीक. आणि फाइल कुठलीही उघडा, माप एकच: 720 बाय 576 पिक्सेल.

स्टुडिओला फोन केला. "फाइल बरोबरच आहे मॅडम, तुम्ही तुमच्याकडे ताणून घ्या." ते 'ताणून घ्या' अजून डोक्यात जातं. किती ताणायचं, विचारलं तर "डोळ्यांना बरं दिसेल इतकं".

खरी गोष्ट अशी की पॅल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) टेपवर चित्र 4:3 असो, म्हणजे जुन्या टीव्हीसारखं, वा 16:9, म्हणजे रुंद पडद्याचं, पिक्सेल तेवढेच असतात. बदलतो तो पिक्सेलचा आकार. तो चौरस नसतो, आडवा असतो, आणि किती आडवा ते फाइलमधल्या एका नोंदीवरून सॉफ्टवेअरला कळतं. हाच पिक्सेल आस्पेक्ट रेशो. स्टुडिओने फाइली बनवताना ही नोंद सरसकट 1.0, म्हणजे चौरस, करून टाकली होती. 720 ला 576 ने भागलं की 1.25 येतात. 4:3 म्हणजे 1.33 आणि 16:9 म्हणजे 1.78. म्हणजे धड हेही नाही आणि तेही नाही.

बरं, योग्य आकडा शोधायला गेले तर प्रत्येकाचे दोन-दोन. 4:3 साठी कुठे 1.067, कुठे 1.094. 16:9 साठी कुठे 1.422, कुठे 1.459. यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. 720 गुणिले 1.422 म्हणजे 1024, आणि 1024 बाय 576 म्हणजे चोख 16:9. मग 1.459 कशाला? तर 720 मधलं खरं चित्र साधारण 702 पिक्सेलांचं, उरलेली दोन्ही कडांची पट्टी. 702 गुणिले 1.459 केलं तरी 1024 च येतात. माझ्या क्लिपांच्या डाव्या-उजव्या कडेला बारीक काळी रेघ होती, ती हीच. त्यामुळे मी मोठे आकडे घेतले आणि कडा छाटल्या. छोटे घेतले असते तरी फरक अडीच टक्क्यांचा. त्यावर भांडणाऱ्यांनी खुशाल भांडावं.

कुठली क्लिप 4:3 ची आणि कुठली 16:9 ची, हे डोळ्यांनी ठरवू नका. फ्रेममध्ये कॅमेऱ्यासमोर सरळ असलेली गोल वस्तू शोधा. मला भिंतीवरचं घड्याळ सापडलं. तबकडी उभी 200 पिक्सेल, आडवी जेमतेम 140. भागाकार 1.43, म्हणजे 16:9. एकाच टेपवर मध्येच मोड बदललेला होता, त्यामुळे सगळ्या फाइलींना एकदम एक सेटिंग लावून भागलं नसतं.

दुरुस्ती मात्र मिनिटाची. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफाय, इंटरप्रिट फुटेज, तिथे आकडा निवडायचा. दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटरमध्ये हेच क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये मिळतं. नुसती रुंदी ताणली तर क्लिप दिसते बरी, पण ताणण्याआधी लागणाऱ्या इफेक्टमध्ये गोल मास्क (इफेक्ट तेवढ्याच भागाला लागावा म्हणून आखलेला आकार) काढलात की तो लंबगोल होतो. टाइमलाइन चौरस पिक्सेलचीच ठेवा, एक्स्पोर्टही तसंच. आणि हे सगळं कटिंगच्या आधी! नंतर बदललं की टायटलं सरकतात.

एचडीव्ही, म्हणजे त्याच टेपवर एचडी चित्र घेणाऱ्या, कॅमेऱ्याच्या 1440 बाय 1080 च्या फाइलींचंही असंच. तिथे 1.333 लावलं की 1920 होतात. एनटीएससी (अमेरिका-जपानकडची टीव्ही पद्धत) टेप असेल तर 720 बाय 480, आणि आकडे 0.909 व 1.212.

फाइलमध्ये कुठली नोंद आहे ते मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. काही फाइलींत ती दोन ठिकाणी असते आणि दोन्ही जुळत नाहीत. मग प्लेअरमध्ये चित्र एक दिसतं, एडिटरमध्ये दुसरं.

उरलेल्या टेपा दुसरीकडे दिल्या. सोबत चिठ्ठी: फायरवायर केबलने मूळ डीव्ही जशीच्या तशी काढा, रूपांतर करू नका. डीव्हीमध्ये 4:3 की 16:9 ही खूण टेपवरच चित्राबरोबर लिहिलेली असते. त्या फाइली आल्या आणि एकाही क्लिपला हात लावावा लागला नाही.