अजून दोन महिने

गुरुवार, रात्री पावणेबारा

आज पुन्हा तेच. काम संपवून नऊला लॅपटॉप मिटायचा होता, तर नवा घ्यायचाय म्हणून येणाऱ्या मॉडेलबद्दल वाचत बसले. नवा प्रोसेसर, बॅटरी म्हणे जास्त टिकणार, स्क्रीनच्या कडा आणखी बारीक. यातलं कंपनीने स्वतः काहीही सांगितलेलं नाही. तरी मी मात्र पोर्ट डाव्या बाजूला किती आणि उजव्या बाजूला किती, हे पाठ करून बसले आहे.

धाकट्या भावाचा एकच घोष: "ताई, अजून दोन महिने थांब." हे दोन महिने त्याने फेब्रुवारीतही सांगितले होते.

म्हणून आज जरा मागे जाऊन पाहिलं. अ‍ॅपलच्या मॅक संगणकांची एम१ चिप (म्हणजे प्रोसेसर) आली नोव्हेंबर २०२० मध्ये. एम२ जून २०२२ मध्ये, एम३ ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि एम४ चे मॅक बरोबर वर्षभराने, ऑक्टोबर २०२४ मध्ये. म्हणजे यातल्या कुठल्याही महिन्यात मी खरेदीला निघाले असते, तरी भावाचं वाक्य तेच राहिलं असतं. आणि गंमत म्हणजे एम१ घेतलेली मैत्रीण अजून त्याच्यावरच खुशाल काम करते. तिला पुढचं काय येतंय ते ठाऊकही नाही.

माझं मशीन सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचं. मध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवली तेव्हा त्याला दुसरं तारुण्य आलं होतं, ते आता ओसरलं. बॅटरी पाऊण तास. विंडोज ११ त्याच्यावर अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली आहे, पण तो म्हातारपणीचा टेकू. डाव्या बिजागरीबद्दल लिहीत नाही. झाकण दोन्ही हातांनी, देव्हाऱ्याचं दार उघडावं तसं उघडते.

शनिवार

ऑस्बॉर्न कंपनीची गोष्ट आठवली. १९८१ मध्ये त्यांनी उचलून नेता येईल असा संगणक काढला, वजन जवळजवळ अकरा किलो. (खांदा कुणाचा होता कोण जाणे!) तो धडाक्यात खपला. मग पुढच्या मॉडेलची चर्चा वेळेआधी बाहेर गेली, विक्रेत्यांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या आणि १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, असं सांगतात. काही जाणकारांच्या मते खरं कारण वेगळंच होतं, स्पर्धा वगैरे. ते असेल. पण त्या थांबलेल्या गिऱ्हाइकांत मी नक्की असते.

थांबण्यात अर्थच नाही असंही नाही. कंपनीने तारीख जाहीर केली असेल आणि ती तीन-चार आठवड्यांवर असेल, तर मी थांबेन. नवीन नको असलं तरी थांबेन, कारण तेव्हा आधीच्या मॉडेलची किंमत बहुधा उतरते आणि मला तेच पुरणार आहे. नुसती कुजबुज असेल तर नाही. त्यापेक्षा रॅमचा, म्हणजे चालू कामाला लागणाऱ्या मेमरीचा, विचार केलेला बरा. हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच (आतल्या मुख्य सर्किटवर) सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. आठ जीबीवर भागवून घेऊ म्हणणं मला आता परवडायचं नाही. उघड्या टॅबची संख्या इथे लिहायची लाज वाटते.

रविवार, दुपार

सकाळी महत्त्वाच्या कॉलमध्ये बोलता बोलता स्क्रीन काळी. चार्जरची पिन केव्हाचीच हलली होती आणि बॅटरी संपली, एवढंच. परत जोडली, सुरू व्हायला सहा मिनिटं. तोवर माझ्यावाचूनच सगळं ठरलं होतं, आणि ठरलेलं काम माझ्याच गळ्यात.

सोळा जीबीचं, सध्या मिळतंय ते मॉडेल नक्की केलं. भावाला अजून सांगितलेलं नाही. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप लावलाय. तीन तास एकवीस मिनिटं बाकी म्हणतोय. मघाशी दोन तास म्हणत होता.