नकाशा मंजुरीला जाण्याआधीचे महिने

आपल्या गरजेप्रमाणे घर बांधायचं असेल, तर नकाशे मंजुरीसाठी दाखल करण्याआधी साधारण 4 ते 6 महिने हाताशी ठेवा. पहिले 2-3 आठवडे प्लॉटची मोजणी, उताराच्या लेव्हल आणि माती परीक्षण यांत जातात.

मग कच्चे आराखडे. इथे 6-8 आठवडे जाऊ द्या, खरं घर इथेच ठरतं. जिन्याचंच बघा: मजल्याची उंची 3 मीटर आणि चढ (एका पायरीची उंची) साधारण 175 मिलिमीटर धरला, तर 17 चढ येतात. शेवटचा चढ थेट वरच्या मजल्यावर नेतो, म्हणून पायऱ्या 16; 250 मिलिमीटर रुंदीच्या या पायऱ्यांना सरळ रेषेत 4 मीटर लागतात, शिवाय वर-खाली उभं राहायला जागा. ती आधी धरली नाही की बेडरूम आक्रसते, बाथरूम सरकतं आणि खालच्या पाइपांशी मेळ बसत नाही.

स्ट्रक्चरल ड्रॉइंगला, म्हणजे कॉलम, बीम आणि पाया यांच्या नकाशांना, 3-4 आठवडे. त्यानंतर एक कॉलम जरी हलवला, तरी बीम आणि पाया पुन्हा तपासावे लागतात.

बाकीचा बराच वेळ घरच्यांचं एकमत होण्यात जातो. म्हणून बदल फोनवर तुकड्यातुकड्यांनी कळवू नका. सगळ्यांचं म्हणणं एकाच प्रिंटवर लाल पेनने लिहून, तारीख घालून द्या.